पदाविना नेतृत्व : नागसेनाची अट आणि ‘अस्मितादर्श’ची पन्नास वर्षे

आपल्या शहरात नागसेनवन कोठे आहे, हे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु त्या परिसराच्या नावांत एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे जे महाविद्यालय सुरू केले, त्याला नाव आहे राजाचे, मिलिंदाचे. आणि ते ज्या परिसरात उभे आहे, त्या परिसराला नाव आहे भिक्खूचे, नागसेनाचे. राजा एका इमारतीवर, भिक्खू सगळ्या वनावर. सैन्य, कोश आणि दंड ज्याच्या हाती होता तो मिलिंद, आणि हाती भिक्षापात्रापलीकडे काही नसलेला नागसेन, या दोघांत संवाद कोणाच्या अटीवर झाला, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. कोणतेही पद, हुद्दा किंवा आदेशाचा अधिकार नसताना माणसांना बरोबर घेऊन काम कसे करावे, हा तो विषय होय.

मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. त्याची राजधानी सागल. आजच्या पाकिस्तानातील सियालकोट ती हीच, असे मानले जाते. वादविवादाची त्याला मोठी हौस होती आणि त्याने भल्याभल्यांना निरुत्तर केले होते. नागसेनाशी भेट झाल्यावर त्याने चर्चेची इच्छा व्यक्त केली, तेव्हा नागसेनाने आधी एक अट घातली. तू पंडितांच्या रीतीने बोलणार असशील तर मी बोलेन. राजांच्या रीतीने बोलणार असशील तर बोलणार नाही. राजाने दोन्हींतला फरक विचारला. नागसेनाच्या उत्तराचा आशय असा : पंडितांच्या चर्चेत मुद्दा मांडला जातो, उलगडला जातो, खोडला जातो, कधी आपले चुकले हे मान्यही करावे लागते, आणि तरी कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि जो ते मानणार नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंदाने पहिली रीत स्वीकारली. मगच संवाद सुरू झाला.

या प्रसंगाकडे आपण बहुधा भिक्खूचे धैर्य म्हणून पाहतो. ते आहेच. पण त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की नागसेनाने राजाचा अधिकार नाकारला नाही, तो काढूनही घेतला नाही. त्याने एवढेच ठरवून घेतले की असहमतीची किंमत कोणालाही मोजावी लागणार नाही. ज्याच्याकडे अधिकार नाही त्याला काम पुढे न्यायचे असेल, तर सर्वप्रथम हीच व्यवस्था करावी लागते. ‘मी सांगतो ते ऐका’ असे म्हणण्याची सोय त्याला नसते. ‘मला हवे ते विचारा’ असे तो म्हणू शकतो, आणि त्या म्हणण्यात पुष्कळ बळ असते.

भिक्खू संघाच्या विनयात याच विचाराचे नियम झालेले दिसतात. शाक्य कुळातील राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. उपालीला आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुलाभिमान उतरेल, अशी विनंती त्या राजपुत्रांनीच केली आणि तसेच झाले. संघातील ज्येष्ठता वर्षावासांवर मोजली जाई, जन्मावर किंवा पूर्वीच्या संपत्तीवर नव्हे. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय कोणी सांगायचा हा प्रश्न आला, तेव्हा उपालीलाच पुढे बसवले गेले. त्याचे कारण ज्येष्ठतादेखील नव्हते. तो विषय त्याला सर्वांत चांगला ठाऊक होता, हे होते. त्या संगीतीचे प्रमुखपण महाकाश्यपांकडे होते. त्यांनी प्रश्न विचारले, उपालीने उत्तरे दिली. प्रमुखाने प्रश्न विचारावेत आणि जाणकाराने उत्तर द्यावे, ही बैठकीची रीत आजही किती ठिकाणी पाळली जाते? आपल्याकडे बहुधा प्रमुखच दीड तास उत्तर देतो, आणि प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

विनयातील दुसरी एक प्रथा मला त्याहूनही मोलाची वाटते. वर्षावास संपला की भिक्खू एकत्र जमतात आणि प्रत्येक जण इतरांना विनंती करतो : माझ्या वागण्यात काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा. ही प्रवारणा. ही विनंती पहिल्यांदा करतो तो सर्वांत ज्येष्ठ स्थविर. नवशिक्या श्रामणेराला उभे करून त्याचे दोष मोजणे कोणालाही जमते. पण सर्वांत ज्येष्ठाने आधी स्वतःला खुले करायचे असा क्रम ठरला, की धाकट्यांच्या मनातील भीती आपोआप कमी होते. आपल्याच जिल्ह्यातील अजिंठ्याचे बारा क्रमांकाचे जुने लेणे पाहिलेल्यांना आठवेल : मध्ये मोकळे दालन, तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या, खोल्यांत दगडी शय्या. वर्षावासात राहणाऱ्यांची ही वस्ती. यातली प्रमुखाची खोली कोणती, हे वाटाड्याला दाखवता येत नाही.

संघाचे निर्णय कसे होत, हेही पाहण्यासारखे आहे. आधी ज्ञप्ती, म्हणजे प्रस्तावाची सूचना. महत्त्वाच्या बाबतीत नंतर तोच प्रस्ताव तीन वेळा उच्चारला जाई. ज्याला मान्य असेल त्याने मौन राखावे, ज्याला नसेल त्याने बोलावे. मतभेद राहिलाच तर शलाका वाटून मतमोजणी होई. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी या परंपरेचा उल्लेख केला होता. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भिक्खू संघाला ठाऊक होते, याची आठवण त्यांनी करून दिली. आणि त्याच भाषणात राजकारणातील विभूतिपूजा हा अधोगतीचा मार्ग आहे, असा इशाराही दिला. येथे एक सावधगिरी मात्र घ्यायला हवी. संघातील मौन ही संमती होती, कारण बोलण्याची संधी तीनदा दिली जात असे आणि बोलणाऱ्याला भय नसे. आपल्या सभांतील मौन पुष्कळदा निराळे असते. ज्येष्ठांसमोर कसे बोलावे, गुरुजी बसले आहेत, साहेब पाहत आहेत, म्हणून ते असते. अशा मौनाला संमती समजून जो पुढे जातो, त्याला काम सुरू झाल्यावर कळते की मागे कोणीच आलेले नाही.

आता अलीकडच्या काळाकडे आणि आपल्याच शहराकडे वळू. नागसेनवनातील महाविद्यालयात १९६० नंतरच्या दशकात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली, वसतिगृहात राहून शिकणारी, घरातली पहिलीच शिकणारी अशी एक पिढी तयार होत होती. तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण छापणारे कोणी नव्हते. प्रस्थापित नियतकालिकांना ती भाषा परकी होती आणि तो अनुभवही. या परिस्थितीत १९६७ साली ‘अस्मिता’ नावाचे त्रैमासिक निघाले. लगेचच ते ‘अस्मितादर्श’ झाले. त्याच्या संपादनाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते डॉ. गंगाधर पानतावणे मूळचे नागपूरचे. मिलिंद महाविद्यालयात आणि पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात त्यांनी अध्यापन केले. २७ मार्च २०१८ रोजी याच शहरात त्यांचे निधन झाले. त्रैमासिकाच्या आरंभापासून मोजले तर अर्धशतकाहून थोडा अधिक काळ.

या पन्नास वर्षांत पानतावणे सरांजवळ लेखकांवर चालेल असा कोणता अधिकार होता? प्राध्यापकाचा अधिकार वर्गापुरता. लेखक त्यांचे नोकर नव्हते, की एखाद्या पक्षाचे सदस्य नव्हते. मोठ्या मानधनाचे आमिष दाखवावे, असा छोट्या नियतकालिकाचा खिसाही नसतो. कोणी म्हणेल, संपादकाकडे लेख नाकारण्याचा अधिकार असतोच. असतो. पण नाकारण्याच्या अधिकाराने माणसाला फार तर बाहेर ठेवता येते. आत आणता येत नाही. ज्याने आयुष्यात कधी छापायला काही पाठवले नाही, त्याला लिहिते करणे हे आदेशाने होणारे काम नव्हे. तरीही दया पवार, बाबुराव बागूल, वामन निंबाळकर, यशवंत मनोहर यांच्यासारख्यांचे लेखन ‘अस्मितादर्श’मधून वाचकांसमोर आले, आणि त्यांच्या जोडीने ज्यांची नावे आज सहज आठवत नाहीत अशा कितीतरी जणांचेही आले. दुसऱ्या गटाचे मोल मी कमी मानत नाही. एखाद्या शिक्षकाची, कारकुनाची, गिरणी कामगाराची एकच कविता छापून आली असेल. पण तो अंक त्याच्या घरात जपून ठेवला गेला असेल, तर त्या घराचे अक्षरांशी नाते बदलले.

हे कसे घडले, याचा एक धागा सरांच्या संशोधनात सापडतो. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता बाबासाहेबांची पत्रकारिता. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. या दुसऱ्या पत्राचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहावे लागत. हाताशी लिहिणारी माणसे नव्हती आणि पैसाही नव्हता. १९२९ मध्ये ते पत्र थांबले. एकट्या माणसाच्या खांद्यावरचे पत्र, तो माणूस कितीही मोठा असला तरी, किती काळ चालेल याला मर्यादा असते. हे ज्याने बारकाईने अभ्यासले, त्याने चाळीस वर्षांनंतर काढलेले पत्र नेमके उलट्या बाजूने बांधलेले दिसते. संपादकाने कमीत कमी रकाने घ्यायचे आणि जास्तीत जास्त लोकांना द्यायचे. हा योगायोग असेल. मला तो वाटत नाही.

दुसरा धागा लेखक-वाचक मेळाव्यांचा. ‘अस्मितादर्श’चे हे मेळावे नावाप्रमाणेच होते. साहित्य संमेलन म्हटले की व्यासपीठावर लेखक आणि समोर रसिक अशी मांडणी ठरलेली असते. येथे वाचकाला लेखकाच्या बरोबरीने बोलावणे गेले. वर्गणी भरणारा, अंक हातोहात फिरवणारा आणि लिहिणारा एकाच मांडवात आले. जो वाचक लेखकाला समोरासमोर विचारू शकतो, तो पुढच्या वर्षी स्वतः लिहून आणण्याची शक्यता वाढते. असे मेळावे भरवायला स्थानिक माणसे लागतात : मांडव, जेवण, मुक्काम, पत्रव्यवहार. ही माणसे कोणाच्या आदेशाने कामाला लागत नाहीत. काम आपले आहे असे वाटले तरच लागतात.

मतभेद तर होतेच, आणि तीव्र होते. या साहित्याला दलित म्हणावे, बौद्ध म्हणावे की आंबेडकरवादी म्हणावे, यावर वर्षानुवर्षे वाद झडले. १९७२ साली दलित पँथर आली आणि तिच्या भाषेचा आवाज वेगळाच होता. काही जण दूर गेले, काहींनी स्वतःची नियतकालिके काढली. माझ्या दृष्टीने ‘अस्मितादर्श’चे खरे यश असे, की दूर गेलेल्यांचा इतिहासही त्याच्या अंकांशिवाय लिहिता येत नाही. २००९ साली अमेरिकेतील सॅन होजे येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सरांना मिळाले, २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे सन्मान आले तेव्हा त्यांचे काम चार दशकांचे आणि त्याहून अधिकचे होऊन गेले होते. आपल्याकडे अनेकांना हा क्रम उलटा हवा असतो.

याच ठिकाणी थोडे कटू बोलणे भाग आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि काही वर्षांतच त्याचे गट पडले. त्याची कारणे अनेक होती, त्यांची मीमांसा हा या लेखाचा विषय नाही. पण त्या फुटीची सवय आपल्या लहान लहान मंडळांतही झिरपली आहे, हे नाकारता येईल काय? वस्तीत जयंती एक आणि मिरवणुकीच्या समित्या तीन. विहाराच्या बांधकामाचे पत्रे अजून चढायचे असतात आणि पाटीवर कोणाचे नाव आधी, यावर बैठक मोडते. माजी विद्यार्थी संघही याला अपवाद नसतात. पहिल्या सभेचा अर्धा वेळ कार्यकारिणी निवडण्यात जातो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव ठरतात, छायाचित्र निघते आणि पुढची सभा दोन वर्षांनी होते. ज्याला पद मिळाले नाही त्याला वाटते, आता काम त्यांचे. ज्याला मिळाले त्याला वाटते, पद मिळाले म्हणजे काम झाले.

वसतिगृहात राहिलेल्यांना खरे तर वेगळे शिक्षण मिळालेले असते. मराठवाड्यातला उन्हाळा, विहीर आटलेली, टँकर येणार म्हणून सांगितलेले आणि तो रात्री उशिरा येतो. त्या वेळी अधीक्षक तेथे असतातच असे नाही. दोनशे मुले बादल्या घेऊन धावतात. अशा रात्री रांग कोण लावतो? कधी वर्गप्रमुख लावतो, बहुधा नाही. जो स्वतःची बादली रांगेच्या शेवटी ठेवतो आणि मग नळीजवळ जाऊन उभा राहतो, त्याचे मुले ऐकतात. तो ओरडला तरी चालते, कारण त्या ओरडण्यात त्याचा स्वतःचा लाभ नाही हे सर्वांना दिसत असते. लहान वर्गातल्या मुलांना आधी भरू द्या, असे त्याने म्हटले तर मोठीही मागे सरतात. त्याने आपली बादली मध्येच सरकवली, की त्याच क्षणी त्याचे बोलणे संपते. पदावरच्या माणसाला अशी चूक एकदोनदा पचते. पद नसलेल्याला एकदाही पचत नाही. म्हणून त्याचा हिशेब, मग तो पाण्याचा असो वा पैशाचा, सर्वांच्या नजरेसमोर असावा लागतो. वर्गणीची वही टेबलावर उघडी ठेवणारा खजिनदार आणि ‘हिशेब माझ्याकडे आहे’ असे सांगणारा खजिनदार, यांतील दुसरा प्रामाणिक असला तरी लोक पहिल्यालाच पुन्हा वर्गणी देतात.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज वाळूजच्या कारखान्यांत, बँकांत, शाळांत, संगणक कंपन्यांत आहेत. त्यांतील पुष्कळांना एक अवघड जागा सांभाळावी लागते. गटाच्या कामाची जबाबदारी त्यांची, पण गटातील माणसांची रजा, बढती, पगार दुसऱ्याच्या हाती. वयाने मोठे, वर्षानुवर्षे यंत्रावर काम केलेले कारागीर, आणि त्यांच्याकडून नवी पद्धत पाळून घ्यायची ती पंचविशीतल्या मुलाने किंवा मुलीने. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कचेरी पाहिलेली नाही, ज्यांचा काका-मामा वरच्या खुर्चीत नाही, त्यांना ही जागा अधिकच अवघड जाते. काही जण आवाज चढवतात, काही जण सगळे काम स्वतःच करत रात्रीपर्यंत थांबतात. दोन्हींनी गट तयार होत नाही. उपालीकडून येथे शिकण्यासारखे आहे : विषय इतका जाणावा की विचारण्यासाठी माणसे आपल्याकडे येतील. आणि महाकाश्यपांकडूनही : आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते, त्याला सर्वांसमोर विचारावे. जुन्या कारागिराला ‘हा भाग तुम्ही कसा बसवता, ते मला दाखवा’ असे मनापासून विचारणाऱ्या पोराला तो कारागीर उद्या नवी पद्धत वापरून पाहू देतो. मनापासून हा शब्द मात्र येथे महत्त्वाचा आहे. युक्ती म्हणून विचारलेला प्रश्न माणसे पहिल्या वाक्यात ओळखतात.

खेड्यातील आशाताईंचे काम याच जातीचे, आणि त्याहून कठीण. २००५ पासून सुरू झालेल्या या योजनेत त्या गावच्याच रहिवासी असतात. शासकीय कर्मचारी म्हणून त्यांची गणना होत नाही. सुनेला प्रसूतीसाठी दवाखान्यात पाठवा, असे सासूला सांगण्याचा त्यांना कोणता अधिकार? हुकूमनामा नाही, दंड नाही. तरी सासू ऐकते, कारण मागच्या वेळी रात्री दीड वाजता हीच बाई बरोबर आली होती. पालकांपैकी काही माता हे काम करीत असतील. त्यांना यावर व्याख्यानाची गरज नाही, व्याख्यान त्यांनी द्यावे.

परंतु आशाताईंच्याच उदाहरणाने या विषयाची दुसरी बाजू उघड होते, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मानधन आणि हक्क यांसाठी महाराष्ट्रातील आशांना पुन्हा पुन्हा संपावर जावे लागले आहे. जबाबदारी द्यायची, अधिकार द्यायचा नाही आणि वर ‘सेवाभाव’ म्हणून पाठ थोपटायची, ही या देशातील जुनी रीत आहे. गावगाड्यात आपल्या वाडवडिलांकडे जबाबदाऱ्या थोड्या होत्या काय? सांगावा पोचवणे, वेशीवर राखण करणे, मेलेले ढोर ओढणे, सारे त्यांच्याकडे होते, अधिकार नव्हता. म्हणूनच बाबासाहेबांनी राजकीय सत्तेत वाटा मागितला. पदाविना नेतृत्वाचे गोडवे गाताना, जागा अडवून बसलेल्यांना ते सोयीचे पडू नयेत. एखाद्या मुलीकडून कार्यालय तीन वर्षे गटप्रमुखाचे काम करून घेत असेल, तर तिने ते काम काय काय होते हे तारखांसह लिहून ठेवावे आणि हुद्दा लेखी मागावा. त्यात संकोच कसला? नागसेनानेदेखील अट बोलण्याआधी घातली होती, बोलून झाल्यावर नव्हे.

येत्या माजी विद्यार्थी सभेपुरती एक सूचना करतो. कार्यकारिणीची निवड विषयपत्रिकेत शेवटी ठेवावी. प्रारंभी, गेल्या वेळी ज्यांनी पदे सांभाळली त्यांच्यातील सर्वांत ज्येष्ठांनी उभे राहून, आमच्या कामात काय राहिले ते सांगा, असे सभेला विचारावे आणि तीनदा विचारावे. त्यानंतर कामांची यादी फळ्यावर लिहावी : दहावीनंतर कोठे प्रवेश घ्यावा हे मुलांना समजावून सांगणे, शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत भरून देणे, बाहेरगावी शिकायला गेलेल्याची पहिल्या महिन्याची राहण्याची सोय करणे, ग्रंथालयातील फाटक्या पुस्तकांची बांधणी करणे. प्रत्येक कामापुढे ज्याला ते करायचे असेल त्याने स्वतः येऊन आपले नाव आणि गाव लिहावे. खडू कोणाच्या हाती द्यायचा, हे ठरवण्यासाठी समितीची आवश्यकता नाही.